एका रविवारपुरता कातळ

सह्याद्रीत कड्यांचा दुष्काळ कधीच पडलेला नाही. दुष्काळ आहे तो वेळेचा, आणि शनिवारी सायंकाळी कचेरीतून सुटून सोमवारी सकाळी पुन्हा हजेरीपटावर सही करावयाची ज्याच्या नशिबी आहे, त्या प्रस्तरारोहकाच्या दृष्टीने आपला हा अफाट मुलूख अखेर चार-दोन स्थानकांच्या परिसरापुरता आक्रसून जातो. ही मर्यादा मान्य केली की मग प्रश्न असा उरतो, की कार्तिकापासून माघापर्यंतच्या त्या तुटपुंज्या हंगामात, हाताशी असलेल्या एका दिवसात, कोरडा, सावलीतला आणि भरवशाचा कातळ नेमका कोठे सापडावा. पुष्कळ मंडळी याचे उत्तर कड्याच्या कीर्तीवरून ठरवितात आणि म्हणूनच पुष्कळदा ओल्या, तापलेल्या किंवा मधमाश्यांनी व्यापलेल्या भिंतीखाली उभी राहून जेवणाचे डबे संपवून परत येतात. माझ्या मते सुळक्याचे नाव सर्वांत शेवटी ठरवावे. आधी दिशा पाहावी, मग पाणी, आणि मग रेल्वेचे वेळापत्रक.

दिशेचा विचार आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईच्या अक्षांशावर भर मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि क्षितिजापासून जेमतेम सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश वर चढतो. उगवतो तोही आग्नेयेकडे सरकून, मावळतो नैर्ऋत्येकडे. याचा सरळ अर्थ असा, की शरदसंपातापासून वसंतसंपातापर्यंत उभ्या उत्तराभिमुख भिंतीला प्रत्यक्ष ऊन असे लागतच नाही, आणि दक्षिणेची भिंत मात्र दिवसभर भाजून निघते. स्कॉटलंडमधील आरोहकही थंडीत बेन नेविसच्या उत्तरेकडील कड्यांकडेच धाव घेतात, परंतु त्यांना तेथील बर्फ वितळू नये अशी चिंता असते आणि आपल्याला दगड तापू नये अशी! पौषातही दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो आणि काळा बेसॉल्ट त्याहून कितीतरी अधिक तापतो. घामेजलेल्या बोटांना मग उत्तम खोबणीही दगा देते.

सह्याद्रीची मुख्य धार दक्षिणोत्तर पसरलेली असल्यामुळे तिचे खरे उत्तुंग कडे कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत. पश्चिमाभिमुख भिंत दुपारी साडेबारापर्यंत सावलीत राहते, आणि सात वाजता उजाडून सहा वाजता मावळणाऱ्या त्या अकरा तासांच्या दिवसात पहिले साडेपाच तास हे सोन्याच्या मोलाचे असतात. मुंबईकर पायथ्याकडून, म्हणजे कोकणाच्या अंगाने येत असल्यामुळे ही सावली त्याला आयतीच मिळते, मात्र त्यासाठी पहाटे पायथ्याशी असणे भाग आहे. पुणेकर घाटमाथ्यावरून येतो. त्याला बहुधा पूर्वेचे अंग जवळ पडते, जे सकाळी तापते आणि दुपारनंतर निवते, तेव्हा त्याने सकाळी घाई न करता जेवणानंतर दोराला हात घातला तरी फारसे बिघडत नाही. हा भेद लक्षात न घेता एकाने दुसऱ्याचे वेळापत्रक उसने घेतले, की दोघांचाही दिवस वाया जातो.

पाण्याचा विषय याहून गहन आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांतून हा प्रदेश घडला, हे आपण शाळेत शिकतो. परंतु दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी जो तांबडा, मातकट, मऊ पट्टा आढळतो त्याचे महत्त्व कड्यावर गेल्याखेरीज कळत नाही. पावसाचे पाणी वरच्या थराच्या भेगांतून झिरपत खाली येते, या पट्ट्यापाशी अडते आणि तेथून कड्याच्या तोंडावर पाझरू लागते. म्हणूनच गडांवरची कितीतरी टाकी आणि झरे अशाच पातळीवर सापडतात. आणि म्हणूनच माथा कोरडा ठणठणीत असूनही ऐन मधला टप्पा मार्गशीर्षापर्यंत ओला राहू शकतो. लांबून पाहताना कड्यावर काळेभोर, चकाकणारे उभे ओघळ दिसले तर तेथे पाणी अद्याप जिवंत आहे असे समजावे. तेच ओघळ करडे, निस्तेज दिसू लागले म्हणजे शेवाळ वाळून खडखडीत झाले. ज्याला प्रत्यक्ष पाहणी शक्य नाही त्याने पायथ्याच्या गावातील एखाद्या परिचिताला फोन करून, 'काका, वरचा झरा वाहतोय का अजून?' एवढे विचारावे. ज्यांना रोज त्या झऱ्यावर हंडा भरायचा असतो किंवा गुरे न्यायची असतात, त्यांच्याइतकी अचूक वार्ता कोणतीही वेधशाळा देऊ शकत नाही.

इतिहासातील दोन प्रसंग मला या संदर्भात नेहमी आठवतात. हिरकणीची कथा कोजागिरीच्या रात्रीची सांगतात. म्हणजे पाऊस नुकताच सरलेला, कमरेएवढे गवत उभे, कातळ पाझरणारा. आरोहणाच्या दृष्टीने वर्षातील अत्यंत प्रतिकूल काळांपैकी तो एक, आणि त्या माउलीच्या धाडसाचे माप घेताना हे कोणी विचारात घेत नाही. उलट तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाण्याचा कडा सर केला तो माघ वद्य नवमीला, ४ फेब्रुवारी १६७० रोजी: दगड पूर्ण सुकलेला, गवत वाळून आडवे झालेले, रात्र थंड. तिथीची निवड कातळ पाहून झाली असे म्हणण्यास आधार नाही, पण अनुभवी माणसाने हंगाम निवडावयाचा म्हटला तर तो हाच निवडील.

आता स्थळांचा तपशील. मध्य रेल्वेच्या मार्गावर मुंबईकराला सर्वांत जवळचा आहे मुंब्र्याचा डोंगर. गाडीतूनच त्याचे कडे दिसतात, आणि त्यांची उपेक्षाही बहुधा याच सुलभतेमुळे होत असावी. 'गिरिविहार'सारख्या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या जुन्या संस्थेतील मंडळी तेथे सरावाला जात आली आहेत. मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी कसारा लोकल धरून आसनगावला उतरले की माहुलीचा डोंगर आणि त्याचा वजीर सुळका पहाटेच्या टप्प्यात येतो. कर्जतच्या बाजूने सांडशीमार्गे ढाक आणि त्याच्या कुशीतील कळकराय सुळका. खंडाळ्याजवळची नागफणी, जिला साहेबांनी वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक ठरविले, ती मुंबई-पुणे या दोन्ही शहरांना सारखीच सोयीची आहे आणि म्हणून रविवारी तेथे गर्दीचा अंमल असतो. दोराची पाळी येईपर्यंत सावली निघून जाते. तेलबैलाच्या जुळ्या भिंतींसाठी लोणावळ्याहून स्वतःचे वाहन हवे. नाणेघाटापाशी जीवधनला खेटून उभा असलेला वानरलिंगी सुळका, म्हणजेच खडा पारशी, हा रविवारच्या हद्दीतील अखेरचा टप्पा मानावा. आणि अलंग-मदन-कुलंगचा मोह मात्र एका दिवसाच्या माणसाने आवरलाच पाहिजे: १८१८ मध्ये इंग्रजांनी त्या भागातील किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडविल्यापासून मदनला दोराशिवाय गती नाही, आणि त्या त्रयीला न्याय द्यावयाचा तर रजेचा अर्जच करावा लागतो.

जवळच्या आणि फारशा नावाजलेल्या नसलेल्या एकाच कड्यावर वर्षानुवर्षे जात राहणे अनेकजण कंटाळवाणे समजतात. मला त्यात विलक्षण लाभ दिसतो. कोणता दगड ठोकला असता पोकळ वाजतो, कोणती मेख चार पावसाळ्यांनी गंजून पोखरली आहे, कोणत्या कपारीत सकाळी दव साचते, ही माहिती पुस्तकात नसते. तीच वाट पुनःपुन्हा केल्यानेच ती अंगी मुरते, आणि परिस्थिती प्रतिकूल असल्यास पाच मिनिटांत बेत बदलून शेजारच्या भिंतीकडे वळण्याची मोकळीकही तीच देते. जुन्या बोल्टवर विसंबणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की बाहेर दिसणारी कडी शाबूत असली तरी दगडाच्या आत गेलेल्या लोखंडाची कैफियत कोणी घेतलेली नसते.

दोन बाबतींत मात्र कड्याची मालकी आपली नाही. आग्या मोहोळ लटकत असेल तर तो टप्पा त्या दिवसापुरता बंद समजावा. धूर, अत्तराचा दर्प, आरडाओरडा यांपैकी काहीही त्या माश्यांना पुरेसे होते, आणि दोराला बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. दुसरी बाब गिधाडांची. लांब चोचीची भारतीय गिधाडे कड्यांच्या कंगोऱ्यांवर घरटी करतात ती नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, म्हणजे नेमकी आपल्या हंगामात. आणि ज्या पक्ष्यांची संख्या गेल्या तीन दशकांत डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधापायी कोसळली, त्यांच्या एकुलत्या अंड्याशेजारी मेखा ठोकण्याचा परवाना कोणीही कोणाला दिलेला नाही. कंगोऱ्याखाली पांढरी विष्ठा ओघळलेली दिसली की दुसरी भिंत शोधावी.

महाशिवरात्र उलटली की हंगाम वर सरकतो. हरिश्चंद्रगड, रतनगड, साल्हेर या उंच प्रदेशांत आणखी काही आठवडे हवा सोसण्याजोगी राहते, पण तेथवर जाऊन येण्यास एक रविवार पुरत नाही. खाली वणवे पेटू लागतात आणि धुराने मोहोळेही बिथरतात. ज्याच्यापाशी एवढाच वेळ आहे त्याने मग पहिल्या लोकलने मुंब्र्याला उतरून, सकाळी नऊच्या आत दोर गुंडाळावा.