कर्करोगातील थकवा : विश्रांती, व्यायाम व वर्तनोपचार

मुळशी तालुक्यात आषाढ लागला की भाताच्या आवणीची घाई सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावणारी स्त्री रात्री थकून निजते आणि पहाटे पुन्हा कामास उभी राहते. हा थकवा श्रमाचा. तो झोपेने उतरतो. कर्करुग्णास ग्रासणाऱ्या थकव्याची जात मात्र निराळी आहे. विशेष श्रम न करताही तो येतो, पुरेशी झोप घेऊनही जात नाही आणि पुष्कळदा उपचार संपल्यावरही महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे, मागे उरतो.

घरच्या मंडळींना हे उमगत नाही. काही घरांत त्यास आळस म्हणतात, तर काही घरांत मायेपोटी रुग्णास काडीचेही काम करू देत नाहीत. यांतील दुसरी चूक अधिक घातक ठरू शकते, कारण ती प्रेमाची असल्याने कोणी तिला चूक म्हणत नाही. अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू झिजतात, दम कमी होतो. मग आडावर जाण्याइतक्या हालचालीनेही धाप लागते आणि माणूस पुन्हा अंथरूण धरतो.

तथापि, प्रथम वैद्यकीय तपासणी अगत्याची आहे. रक्तक्षय, थायरॉइडची न्यूनता, वेदना, निद्रानाश, खिन्नता ही थकव्याची कारणे उपचारांनी दूर होण्याजोगी असतात. हिमोग्लोबिनची तपासणी तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

त्यानंतर व्यायाम. 2017 साली 113 प्रयोगांतील 11,525 रुग्णांच्या निष्कर्षांचा एकत्रित अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. थकवा कमी करण्यात व्यायाम व मानसोपचार हे औषधांपेक्षा सरस असल्याचे त्यात दिसून आले. 2019 साली तज्ज्ञांनी व्यायामाचे प्रमाणही सुचविले : मध्यम गतीचा व्यायाम, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे 30 मिनिटे, किमान 12 आठवडे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानेही स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी सौम्य आसने, प्राणायाम व शिथिलीकरण यांवर आधारित योगक्रम प्रयोगपूर्वक तपासला आहे.

30 मिनिटे ऐकून रुग्णाने दचकू नये. आरंभ पाच मिनिटांनीही चालतो. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी खूण. मुळशीच्या मुसळधार पावसात बाहेर पडणे शक्य नसते. तेव्हा पडवीत येरझारा घालाव्यात, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे-बसावे. “आम्ही शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?” असे कोणी विचारील. शेतकाम एकदम अंगावर येते आणि मग आठ दिवस थांबते. रुग्णास हवी ती मोजकी, नियमित, हळूहळू वाढणारी हालचाल.

वर्तनोपचार या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. नेदरलँड्समधील नायमेगेन येथील तज्ज्ञांनी उपचारानंतर टिकून राहणाऱ्या थकव्यामागील सहा गोष्टी हेरल्या : आजाराचा मनावरील न पचलेला आघात, रोग उलटण्याची भीती, थकव्याविषयीचे चुकीचे ग्रह, झोपेची अनियमितता, हालचालीची अनियमितता आणि आप्तांचा अपुरा आधार. यांपैकी ज्या रुग्णास ज्या लागू, त्यांवरच उपचारक काम करतो. या पद्धतीच्या चाचणीचे अनुकूल निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले.

प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ गावोगावी नाहीत. परंतु काही गोष्टी घरी होण्याजोग्या आहेत. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. दुपारची झोप आखूड असावी. शाळकरी वहीत दिवसाची कामे व थकवा 0 ते 10 या अंकांत टिपून ठेवावा. बरे वाटले त्या दिवशी सगळे घर सारवायचे आणि पुढचे तीन दिवस झोपून काढायचे, हा क्रम वहीत चटकन दिसतो. मग कामे वाटून घेता येतात.

ताप, छातीत दुखणे, विश्रांतीतही धाप लागणे, चक्कर येणे असे काही असल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे. रोग हाडांत पसरला असल्यास अथवा रक्तातील प्लेटलेट घटल्या असल्यास त्यांच्या अनुमतीवाचून आरंभच करू नये.

उपचार घेऊन कामावर परतणारे शिक्षक वा कर्मचारी ज्यांच्या हाताखाली आहेत, त्यांनी पहिले काही महिने सलग तासिका किंवा दूरची फिरती देऊ नये. सरपंच व सदस्यांनी अशा घरी जावे तेव्हा “पडून राहा” असे न सांगता रुग्णासोबत वेशीपर्यंत चालून यावे.