प्लास्टर काढल्यावर

पहाटेच्या नमाजसाठी वजू करून अम्मी मोरीतून येत होती. ओल्या फरशीवर पाय घसरला, ती कुशीवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७६. शेजारीपाजारी म्हणाले, ‘या वयात ऑपरेशन कशाला? पडून राहू द्या, जुळेल.’ खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो.

डॉक्टरांनी विचारलं, ‘याआधी कधी हाड मोडलं होतं?’ ३ वर्षांपूर्वी मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, काढलं, विसरलो. ओळींमधलं वाचायची सवय असलेल्या मला तो इशारा मात्र वाचता आला नाही. नुसतं उभ्या उभ्या पडून हाड मोडतं, तेव्हा दोष फरशीपेक्षा हाडाचा असू शकतो. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड आतून विरळ, ठिसूळ होत जातं. पाळी थांबल्यावर बायकांमध्ये हे झपाट्यानं होतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं झोपवून ठेवणं हाच मोठा धोका. न्यूमोनिया होतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. म्हणून प्रकृतीला झेपत असेल तर शक्यतो २ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करतात. हाड मानेशी मोडून सरकलं असेल तर बहुधा कृत्रिम गोळा बसवतात. त्याखाली मोडलं असेल तर आतून धातूचा दांडा किंवा बाहेरून पट्टी घालून सांधतात. अम्मीला गोळा बसवला आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं.

पण शस्त्रक्रियेनं एक हाड सावरतं. बाकीची ठिसूळच राहतात. त्यासाठी डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची झीज रोखणारं औषध लागतं. अम्मीला आठवड्याला एक गोळी आहे : सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी सोसत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं औषधही असतं. कुठलं द्यायचं, ते मूत्रपिंडं तपासून डॉक्टरच ठरवतात.

आता अम्मी खुर्चीवर बसून नमाज पढते. मोरीत भिंतीला आधाराचा दांडा लावलाय, रात्री दिवा जळत ठेवतो. तुमच्या घरात साध्या पडण्यानं कुणाचं मनगट मोडलं असेल, तर प्लास्टर काढायच्या दिवशी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : ‘हे हाड जुळलं, बाकीच्या हाडांचं काय?’