सॅक्सफोनने म्हटलेले स्तोत्र

सॅक्सफोन हे वाद्य आमच्या वाचकांस अपरिचित नाही. गोव्यात काय किंवा बेळगाव-खानापूरकडे काय, ख्रिस्ती लग्नाची वरात निघाली म्हणजे बँडातील त्या वाकड्या मानेच्या पितळी वाद्याचा आवाज ढोलावर मात करून पार शेताच्या बांधापर्यंत जातो. परंतु त्याचे नाव निघताच आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे नाच आणि मेजावरचे पेले तेवढे उभे राहतात. देवाचे स्मरण कोणासही होत नाही. ही समजूत अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिस येथे या वाद्याचे पेटंट घेतले. ते प्रथम लष्करी बँडांत शिरले आणि पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांच्या हाती जाऊन जॅझ नावाच्या संगीताचा जणू कंठच बनले. जॅझ वाढले ते बहुतांशी रात्रीच्या मद्यगृहांत. अशा घरी वाढलेल्या वाद्याकडून कोणी परमेश्वराची प्रार्थना वदवून घेतली, तर तिला प्रार्थना म्हणावे की नाही? हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत आला आहे, आणि तो मांडावयास एकच ध्वनिमुद्रिका पुरेशी आहे.

तिचे नाव 'अ लव्ह सुप्रीम', म्हणजे परमोच्च प्रीती. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सी संस्थानातील एंगलवूड क्लिफ्स या गावी, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या ध्वनिमुद्रणगृहात, जॉन कोल्ट्रेन व त्यांचे तीन साथीदार यांनी ती एका बैठकीत वाजविली आणि १९६५ च्या आरंभी 'इम्पल्स' कंपनीने ती प्रसिद्ध केली. चौकडी हा शब्द आपल्या भाषेत थोडा बदनाम झालेला आहे. परंतु या चौघांस दुसरे नाव सुचत नाही. कोल्ट्रेन सॅक्सफोनवर, मॅकॉय टायनर पियानोवर, जिमी गॅरिसन डबल बास नावाच्या पुरुषभर उंचीच्या तंतुवाद्यावर आणि एल्विन जोन्स ढोलझांजांवर. टायनर यांस त्या दिवशी सव्वीस वर्षे पुरी व्हावयास दोन दिवस कमी होते! ते मुद्रणगृहही पाहण्याजोगे. लाकडी तुळयांचे त्याचे उंच, निमुळते छत पाहून अनेकांस प्रार्थनामंदिराची आठवण झाली आहे.

कोल्ट्रेन यांचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्लेट या लहानशा गावी झाला. त्यांचे दोन्हीकडचे आजोबा आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल झायन या पंथाचे पाळक होते आणि मुलाचे बालपण हाय पॉइंट गावी आईच्या वडिलांच्या घरी प्रवचने व भक्तिगीते ऐकण्यात गेले. मुलगा बारा वर्षांचा असता थोड्याच महिन्यांच्या अंतराने आजोबा गेले, वडीलही गेले. आईने परक्यांच्या घरी कामे करून संसार ओढला. १९४३ साली मुलगा फिलाडेल्फियास आला, सॅक्सफोन शिकला, आरमारी बँडात वाजवून आला आणि हळूहळू मोठमोठ्या वाद्यवृंदांतून नावारूपास चढला. येथवरची कथा एखाद्या गुणी मुलाची असावी तशी आहे. परंतु कलेबरोबर व्यसनही चढले. हेरॉइन आणि दारू या दोहोंनी त्यांस असे पछाडले की, १९५७ साली माइल्स डेव्हिस या विख्यात तुतारीवादकाने त्यांस आपल्या संचातून काढून टाकले.

आमच्या धर्मग्रामांतून दारूने बुडालेली घरे आम्ही पाहिली आहेत. ती कोणती हे लिहिण्याचे कारण नाही, ज्याचे त्याला ठाऊक आहे. उपवासकाळात सोडलेली दारू ईस्टरच्या दुपारीच पुन्हा घरात शिरते, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणून पुढील हकिगत आम्हांस संगीताहूनही मोलाची वाटते. काम गेल्यावर कोल्ट्रेन फिलाडेल्फियातील आपल्या आईच्या घरी गेले आणि औषधोपचाराचा आधार न घेता त्यांनी हेरॉइन व दारू सोडून दिली. अशा वेळी शरीर कसे सूड उगवते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगावयास नको. आई व पत्नी नाइमा यांचा आधार होता. सात वर्षांनंतर 'अ लव्ह सुप्रीम'च्या वेष्टणावर त्यांनी श्रोत्यांस उद्देशून एक पत्र छापले आणि १९५७ साली ईश्वराच्या कृपेने आपणांस आत्मिक जाग आली. आपल्या संगीताने इतरांस सुखी करण्याचे साधन व अधिकार आपण त्या वेळी देवाजवळ मागितला, असे तीत उघडपणे सांगितले. त्याच पत्रात, मधल्या काळात आपण त्या मार्गापासून ढळलो होतो, हीही कबुली आहे. मद्यगृहांत वाजविणाऱ्या माणसाने विक्रीस निघालेल्या वस्तूवर असे छापावे, हे लहान धैर्य नव्हे.

आता प्रत्यक्ष वादनाकडे वळू. तबकडी सारी तेहेतीस मिनिटांची. तिचे भाग चार, आणि त्यांची नावे आपल्या भाषेत स्वीकृती, संकल्प, अनुसरण व स्तोत्र अशी देता येतील. आरंभी मोठ्या थाळीवर एकच टोला पडतो, त्यावर सॅक्सफोन एखादी घोषणा करावी तसा उठतो, आणि तो थांबताच बासवर चार स्वरांची एक साधी ओळ सुरू होते. पहिला भाग त्या चार स्वरांवरच उभा आहे. भागाच्या अखेरीस कोल्ट्रेन तीच ओळ एकामागून एक निरनिराळ्या स्वरांपासून उचलतात. इतकी की, पट्टीतील बाराही स्वरांवरून ती जाऊन येते. प्रीती सर्वत्र आहे, असे तर त्यांस म्हणावयाचे नसेल? यानंतर वाद्य खाली ठेवून ते तोंडाने ध्वनिमुद्रिकेचे नाव पुन्हा पुन्हा म्हणू लागतात. आवाज जाडाभरडा, गाण्याचा नव्हे. ज्या घरांतून सायंकाळी जपमाळ म्हटली जाते, त्यांस या आवर्तनाचे मर्म कोणी समजावून देण्याची गरज नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या भागात वेग वाढतो आणि येथे नव्या श्रोत्याची दमछाक होते, हे सांगितलेले बरे. एल्विन जोन्स यांचे ढोल एकाच वेळी दोन-तीन लयी चालवितात. कान कोठे टेकावा ते कळत नाही. ज्यांस हे सोसवणार नाही त्यांनी तिसऱ्या भागाच्या शेवटी गॅरिसन एकटेच बास छेडीत बसतात तेथून ऐकावे. तेथूनच चौथ्या भागाचे दार उघडते.

हा चौथा भाग आमच्या मते या ध्वनिमुद्रिकेचा गाभा आहे. वेष्टणाच्या आत कोल्ट्रेन यांनी स्वतः रचलेली एक प्रार्थना छापलेली आहे. चौथ्या भागात तिचा एकही शब्द कोणी उच्चारीत नाही. परंतु लुइस पोर्टर या संगीताभ्यासकाने मजकूर व वादन शेजारी ठेवून दाखवून दिले आहे की, सॅक्सफोन ती प्रार्थनाच अक्षरामागून अक्षर म्हणत आहे. शब्द जेथे थांबतो तेथे स्वर थांबतो आणि देवाचे आभार मानणारी ओळ आली की स्वर खाली उतरून विसावतो. ठेका असा नाहीच. खाली ढोलांचा गडगडाट दूरच्या मेघांसारखा चालू असतो. पाठ धर्मगुरूने वेदीवर म्हणावा त्या चालीने एक वाद्य पाठ म्हणते, असा दुसरा नमुना आमच्या ऐकण्यात नाही.

भारतीय कानास हे संगीत एका बाबतीत सोपे जाते. जुन्या जॅझमध्ये पायाचे स्वरसमूह पदोपदी बदलत असत. कोल्ट्रेन यांनीही १९५९ साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'जायंट स्टेप्स'मध्ये ती कसरत टोकास नेली होती. पुढे मात्र एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ राहून ते फुलविण्याकडे त्यांचा ओढा झाला. आपल्या गवयांच्या आलापीशी याचे नाते दिसते, आणि ते नुसते योगायोगाचे नाही. पंडित रविशंकर यांच्या वादनाचा त्यांनी आवडीने अभ्यास केला, १९६१ साली न्यू यॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजविली आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव रवी ठेवले. हे रवी कोल्ट्रेनही पुढे सॅक्सफोनवादकच झाले. म्हणून कोणी 'अ लव्ह सुप्रीम'मध्ये राग शोधू लागेल तर ते मात्र व्यर्थ होय.

मूळ प्रश्न उरतोच. दहावे पायस या पोपमहाशयांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या आपल्या संगीतविषयक आदेशात मंदिरात पियानो वाजविण्यास मनाई केली आणि ढोल, झांजा इत्यादी गोंगाटाची वाद्येही बाहेर ठेविली. या चौकडीतील दोन आसने त्या एका वाक्यानेच रिकामी होतात! (दाविदाच्या शेवटच्या स्तोत्रात झांजा आहेत, ही गोष्ट वेगळी.) त्या आदेशास कारण होते, त्या काळी युरोपातील देवळांत नाटकगृहाचे संगीत घुसले होते. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान राखून, पवित्र कार्यास योग्य असतील किंवा योग्य करता येतील अशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने घेण्यास वाट मोकळी केली. कोल्ट्रेन ध्वनिमुद्रणास बसले ते त्यानंतर एक वर्ष पाच दिवसांनी. त्यांस या दस्तऐवजाचे काही सोयरसुतक नव्हते. परंतु वाद्य 'योग्य करता येते' म्हणजे काय, याचे उदाहरण आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही हीच तबकडी पुढे करू.

गोव्याच्या वाचकांस तर हा प्रश्न घरचाच आहे. तेथील पॅरिश शाळांतून मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले जाई ते देवळातील गायनासाठी; आणि त्याच शिदोरीवर माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गुणवंत मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गेले, हळदोण्याचे 'चिक चॉकलेट' हॉटेलांतून जॅझ वाजवू लागले. तेथे विद्या देवळातून बाहेर गेली. कोल्ट्रेन यांच्या ठायी ती बाहेरून उलट पावली परत आली.

तथापि काही ठिकाणी आम्ही हात आखडता घेतो. सान फ्रान्सिस्कोमध्ये फ्रान्झो किंग व त्यांच्या पत्नी मरिना यांनी कोल्ट्रेन यांच्या नावाने एक मंडळी स्थापिली आणि १९८२ साली ती आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामील होऊन कोल्ट्रेन यांस तेथे संतपद देण्यात आले. 'अ लव्ह सुप्रीम' तेथे उपासनेत वाजविली जाते. त्या लोकांच्या भक्तीची आम्ही थट्टा करणार नाही. पण आपली ख्रिस्तसभा संत ठरविते ते जीवन तपासून, कला तपासून नव्हे. ज्या नाइमांनी पडत्या काळी साथ दिली त्यांस कोल्ट्रेन यांनी १९६३ साली सोडले. पुढे आपला सर्वच धर्मांवर विश्वास आहे, असेही ते म्हणू लागले. पहिल्याचे आम्हांस दुःख होते आणि दुसरे आम्हांस मान्य नाही. एवढे असूनही पापी माणसाची प्रार्थना ती प्रार्थनाच नव्हे असे ठरविले, तर आमच्यापैकी कितीजणांस तोंड उघडता येईल?

आणखी एक रचना येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १५ सप्टेंबर १९६३ रोजी, रविवारी सकाळी, अलाबामातील बर्मिंगहॅम येथे वर्णद्वेष्ट्यांनी सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये स्फोट घडवून चार मुलींचा बळी घेतला. याच चौकडीने त्या १८ नोव्हेंबरला 'अलाबामा' ही रचना ध्वनिमुद्रित केली. तीत आरडाओरडा नाही. घरातील मयतापाशी बसलेला मनुष्य हलक्या आवाजात बोलतो, तशी ती आहे. 'अ लव्ह सुप्रीम'मधील आभार कोणत्या काळात मानले गेले, हे तिच्यावरून कळते.

चौघांची ती जूट १९६५ च्या अखेरीस मोडू लागली. त्यांची नवी म्हणावी अशी ध्वनिमुद्रिका मात्र २०१८ सालीही निघाली: ६ मार्च १९६३ रोजी त्याच मुद्रणगृहात वाजविलेले आणि कंपनीच्या संग्रहातून नाहीसे झालेले वादन नाइमांच्या कुटुंबाने जपलेल्या प्रतीवरून हाती लागले. सोडून दिलेल्या पत्नीच्या घरी ते सांभाळले गेले होते.

कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने वारले. वय अवघे चाळीस. २१ जुलैला न्यू यॉर्क येथील सेंट पीटर्स या लुथरन मंदिरात अंत्यविधी झाला. त्यांचे मित्र कॅल मॅसी यांनी 'अ लव्ह सुप्रीम'ची प्रार्थना तेथे वाचून दाखविली, आणि ऑर्नेट कोलमन व अल्बर्ट आयलर हे दोघे सॅक्सफोनवादक आपापले संच घेऊन मंदिरातच वाजविते झाले.