पावणेदोन लाखांची यादी

गेल्या दिवाळीत, फराळाची ताटे उचलली जाण्यापूर्वीच, माझ्या भाच्याने पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली एक यादी माझ्यापुढे ठेवली आणि "मामा, आईशी तू बोल" एवढेच सांगून, एरवी माझ्या खांद्यावर हात टाकून बोलणारा हा मुलगा, अदबीने बाजूला उभा राहिला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट असे जिन्नस दरासह मांडून तळाशी दोन रेघांमध्ये पावणेदोन लाखांची बेरीज केलेली होती. सात वर्षांपूर्वीचा संगणक आता निकामी झाला असून त्यावर नवे खेळ धड चालत नाहीत, सबब संपूर्ण नवा संच बांधणे प्राप्त आहे, अशी त्याची एकंदर कैफियत होती. ती खोटी नव्हती, फक्त तिच्यातील जवळजवळ प्रत्येक कलम ऐकीव माहितीवर उभे होते.

शहानिशा करावी म्हणून मी प्रथम तोच जुना संगणक सुरू करविला. पडदा सेकंदास १४४ वेळा चित्र बदलू शकणारा, वर्षापूर्वी मुद्दाम अधिक पैसे मोजून घेतलेला. परंतु विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो पहिल्या दिवसापासून ६० वरच बसून होता, कारण हा आकडा पुष्कळदा आपल्या हाताने बदलावा लागतो हे घरात कोणास ठाऊक नव्हते. आकडा बदलून मी माऊस त्याच्या हाती दिला. बाण पडद्यावरून एकदा इकडून तिकडे फिरला, आणि चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत.

मनुष्याच्या डोळ्याला सेकंदास चोवीसांहून अधिक चित्रे दिसतच नाहीत, मग हे १४४ चे खूळ कशाला, असे छातीठोकपणे विचारणारे गृहस्थ आपल्याकडे पुष्कळ आहेत. वास्तविक चोवीस हा आकडा नेत्ररचनेतून निघालेला नाही, तो बोलपटाच्या गरजेतून निघाला आहे: १९२० च्या दशकाच्या अखेरीस फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी आली तेव्हा फीत एकाच ठराविक वेगाने धावणे अनिवार्य झाले, आणि आवाजाची प्रत व फिल्मचा खर्च यांची सांगड घालता घालता तो वेग चोवीसावर स्थिरावला. शिवाय चित्रपटाच्या प्रत्येक चौकटीत हालचालीचा धूसरपणा मिसळलेला असतो, त्यामुळे चोवीस चौकटी सलग भासतात. खेळात मात्र हुकूम आपल्या बोटांचा असतो आणि त्याचे फळ पडद्यावर केव्हा उमटते याकडे आपले सर्व लक्ष लागलेले असते. ६० च्या वेगास दोन चित्रांमध्ये सुमारे १७ मिलिसेकंद जातात, १४४ च्या वेगास सातांहूनही कमी, आणि हा फरक हाताला निश्चित जाणवतो.

यादीतील निम्मी रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डाने अडवली होती, आणि जितके महाग कार्ड तितका सुंदर खेळ हा समज तर सार्वत्रिकच आहे. पण कार्डाचे काम पडद्यावरचे ठिपके रंगविण्याचे. तेव्हा पडद्यावर ठिपके किती, हा प्रश्न किमतीच्या आधी येतो. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४० रेषांच्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, आणि ज्यास फोर-के म्हणतात त्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. भाच्याचा पडदा पहिल्या वर्गातला आणि यादीतील कार्ड तिसऱ्या वर्गासाठी घडविलेले. बैठ्या चाळीतील दोन खोल्यांसाठी वाड्याचे झुंबर आणण्याचाच हा प्रकार. शिवाय तो बहुतेक संध्याकाळी खेळतो तो व्हॅलोरंट, जो अगदी सामान्य यंत्रावरही सुरळीत चालावा अशा बेतानेच रचलेला आहे. जगातले इतर खेळाडू कशावर खेळत होते, तर २०१६ साली आलेले जीटीएक्स १०६० हे मध्यम किमतीचे कार्ड स्टीम या खेळविक्रीच्या मंचाच्या सर्वेक्षणात २०२२ पर्यंत कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. आणि योगायोग असा की भाच्याच्या पेटीतही तेच होते.

याचा अर्थ जुने ते सर्व चालवून घ्यावे असा नव्हे. २०२४ च्या अखेरचा इंडियाना जोन्सचा खेळ काय किंवा २०२५ मधील डूम काय, प्रकाशकिरणांची गणना प्रत्यक्ष कार्डातच करण्याची सोय नसेल तर ते सुरूच होत नाहीत, आणि १०६० मध्ये ती सोय नाही. तेव्हा कार्ड बदलण्याची त्याची मागणी मला रास्त वाटली. प्रश्न उरला तो बाकीच्या नगांचा.

एक भाग अपुरा पडला म्हणजे सगळा संच टाकाऊ, हा गैरसमज सर्वांत खर्चिक. अपुरे काय पडते हे तपासण्याची रीत मात्र सोपी आहे: एखादा जड खेळ लावावा, त्यातील रिझोल्यूशन खाली उतरवावे, आणि सेकंदास किती चित्रे येतात ते पाहावे, आकडा झपाट्याने चढला तर अडचण कार्डाची, ढिम्म राहिला तर बहुधा प्रोसेसरची. आमचा चढला, पण थोडा चढून थांबला, म्हणजे प्रोसेसरही थकत आला होता. पण त्याचा मदरबोर्ड २०१८ सालचा, एएम४ बैठकीचा. त्याच बैठकीत बायोस अद्ययावत केल्यावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी सुद्धा बसतो, आणि जुनी डीडीआर४ रॅम जागची हलवावी लागत नाही.

"पण विंडोज ११ तर यावर येतच नाही," ही त्याची शेवटची ढाल. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला हे खरे, आणि नव्या आवृत्तीस टीपीएम २.० ही सुरक्षेची अट आहे हेही खरे; तथापि ती सोय त्याच्या प्रोसेसरमध्ये होतीच, बायोसमध्ये बंद होती एवढेच. सुरू केल्यावर संगणकाने निमूटपणे पात्रतेचा दाखला दिला.

हजार वॅटचा पॉवर सप्लाय लावला म्हणजे मीटर हजार वॅटने पळेल, ही भीती माझ्या बहिणीची. हजार ही त्याची कुवत, खप नव्हे. आतले भाग मागतील तितकीच वीज, थोडी घट धरून, तो भिंतीतून घेतो. खेळताना संच ४०० वॅट घेतो असे धरले आणि रोज तीन तास खेळ चालला, तर महिन्यास ३६ युनिटे होतात, आणि ज्या घराचे बिल १०० युनिटांच्या पायरीच्या आतबाहेर असते तेथे ती नगण्य नाहीत. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, म्हणून ऐन खेळात वीज गेली की तो बॅटरी शिल्लक असूनही मान टाकतो. याची तरतूद यादीत नव्हती.

आता माझ्या स्वतःच्या गैरसमजाची नोंद करणे भाग आहे. संगणकाचे भाग नेहमी स्वस्तच होत जातात, यास्तव जितके थांबावे तितके हिताचे, असे मी त्यास वडीलकीच्या सुरात सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे, कार्डांवर चालणारे खाणकाम बंद पडून ग्राफिक्स कार्डांचे भाव कोसळले तो काळ माझ्या डोळ्यांपुढे होता. पण दिवाळीतच चढू लागलेले रॅमचे भाव, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीच्या चकत्यांचा साठा ओढून घेतल्यामुळे, नववर्ष उजाडेपर्यंत दुपटीच्याही वर गेले. त्याने डीडीआर५ चा नवा संच मागितला असता आणि माझे ऐकून थांबला असता तर भुर्दंड माझ्या माथी आला असता. जुनी रॅम वाचली म्हणून मामाची अब्रू वाचली.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा संगणकाच्या भागांचा बाजार, कागदोपत्री भडकमकर मार्ग आणि लोकांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोड, तेथे आम्ही एका शनिवारी गेलो. प्रत्येक नगाची हमी वेगळी आणि मुदतही वेगळी, म्हणून बिलावर अनुक्रमांक लिहवून घेईपर्यंत मी काउंटर सोडला नाही. भाच्याला याची फार लाज वाटली. मध्यम प्रतीचे कार्ड, त्याच बैठकीचा प्रोसेसर आणि मोठा यूपीएस, असे तीन नग घेऊन आम्ही परतलो, आणि यादीची बेरीज एकतृतीयांशावर आली. "रंगीत दिव्यांचे पंखे, सहा नग" ही ओळ मात्र त्याने अद्याप खोडलेली नाही. तिच्याबाबत वाटाघाटी चालू आहेत.