डायनासोरचं अंडं आणि माझी चूक : मुलांचं जीवाश्म-वेड वर्गात कसं वापरावं?



आज एका दगडाची गोष्ट सांगते. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा सकाळी परिपाठाच्या आधीच धावत आला. हातात नारळाएवढा गोल, तपकिरी दगड. "मॅडम, हे डायनासोरचं अंडं हाये ना?" त्यांच्या शेतात विहीर खोदताना मुरमातून तो निघाला होता.

खरं सांगू? मी त्याच्यापेक्षा जास्त हुरळून गेले. फोटो काढला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला : "आमच्या शाळेत डायनासोरचं अंडं!" अभिनंदनाचा पाऊस पडला. संध्याकाळी कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, फोटोत कडेला पापुद्रे दिसतायत. कांद्यासारखे. हा आपला काळा पाषाण आहे."

तोवर त्या मुलाच्या आजीने दगडाला हळदकुंकू लावलं होतं. आता त्याला सांगायचं कसं? हा प्रश्न मला रात्रभर सतावत राहिला. नुसतं "हा साधा दगड आहे, फेकून दे" म्हटलं असतं, तर त्याने पुन्हा कधी काही उचलून माझ्याकडे आणलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात

मी सरळ सांगितलं, "काल मी न तपासता बोलले. माझी चूक झाली. आज आपण मिळून तपासू."

आधी दगड नीट पाहिला. बसाल्ट खडकाला भेगा पडतात, त्यांतून पाणी शिरतं. कडा आणि कोपरे आधी झिजतात, खडकाचे थरावर थर सुटतात आणि मधला घट्ट भाग गोल गोटा होऊन उरतो. आमच्या दगडाचा पापुद्रा नखाने निघाला. आतही तसाच दगड!

मग एका वाटीत व्हिनेगर घेऊन त्यात कोंबडीच्या अंड्याचं कवच टाकलं. बुडबुडे आले, कारण कवचात कॅल्शियम कार्बोनेट असतं. दगडावर थेंब टाकला तर काहीच झालं नाही. मात्र इथे मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. शेतातल्या चुनखडीच्या खड्यावरही बुडबुडे येतात. त्यामुळे बुडबुडे आले म्हणजे ते अंडंच, असं होत नाही. एका परीक्षेवर निकाल द्यायचा नसतो.

तो मुलगा थोडा हिरमुसला. मग मी त्याला मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याची गोष्ट सांगितली. तिथल्या पाडल्या गावात काही कुटुंबं शेतात सापडलेले गोल दगड कुलदेवता म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत होती. ही डायनासोरची अंडी असल्याचं अभ्यासकांनी सांगितल्याची बातमी 2023 च्या डिसेंबरमध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत धार परिसरातल्याच 92 घरट्यांमधल्या 256 अंड्यांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. "म्हणजे त्यांनी अंड्याला दगड समजलं आन्‌ आपण दगडाला अंडं!" मागच्या बाकावरून आवाज आला आणि सगळा वर्ग हसला. तो मुलगाही हसला.

"मग आपल्याकडं डायनासोर नव्हतेच का?"

हा त्याचा पुढचा प्रश्न. माझ्या मते अख्ख्या धड्यापेक्षा मोलाचा. उत्तर असं आहे.

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याचे थर साचून दख्खनचं पठार बनलं. आपला बुलडाणा जिल्हा याच काळ्या खडकावर वसला आहे. तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. प्राणी किंवा झाड गाळात लवकर गाडलं गेलं, हवा लागली नाही आणि पाण्यातली खनिजं हळूहळू हाडांत, लाकडात शिरली, तरच जीवाश्म तयार होतो. म्हणून तो शोधायचा तर गाळाच्या खडकात. दोन लाव्हा-थरांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळातही गोगलगायी आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडतात. नागपूरजवळच्या टाकळीला असे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

आणि डायनासोर? तेही विदर्भात आहेत! चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरची हाडं तर मिळालीच, शिवाय त्यांचं अश्मीभूत शेणही मिळालं. (हे वाक्य वर्गात म्हणा आणि मुलांचे चेहरे बघा.) त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि 2005 साली ते संशोधन जगासमोर आलं. तोवर गवत डायनासोरनंतर आलं, असाच समज होता. शेणाने शास्त्रज्ञांना आपलं मत बदलायला लावलं.

आणखी पूर्वेला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात बारापासॉरस सापडला. 'बारा पा' म्हणजे मोठा पाय. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास त्याची हाडं गोळा झाली, म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

काळाची दोरी : एक सोपा उपक्रम

कोटी वर्षं म्हणजे किती, हे मुलांना आकड्यांनी कळत नाही. मैदानावर 23 मीटर दोरी अंथरा. 1 मीटर म्हणजे 1 कोटी वर्षं. दोरीचं एक टोक म्हणजे 'आज'. तिथून मोजत जा :

- 23 मीटर : पहिले डायनासोर
- 6 मीटर 60 सें.मी. : मोठे डायनासोर संपले; दख्खनचा लाव्हाही याच सुमाराचा
- सुमारे 6 सें.मी. : उल्का आदळून आपलं लोणार सरोवर तयार झालं (अंदाजे 5 लाख 70 हजार वर्षं)
- 3 सें.मी. : आपल्यासारखा माणूस
- अर्धा मिलिमीटर : माणूस लिहायला लागला

आमच्या मुलांना वाटायचं, लोणारच्या उल्केनेच डायनासोर मेले. दोरीवरचं साडेसहा मीटरचं अंतर चालून गेल्यावर हा गैरसमज आपोआप गेला. मला बोलावंच लागलं नाही.

दुसरा उपक्रम घरीही होईल. ओल्या चिकणमातीवर शिंपला, कडुलिंबाचं पान किंवा कोंबडीचं हाड दाबून उचला. ठसा वाळला की त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओता (हे काम मोठ्यांनी करावं). ठसा आणि साचा, दोन्ही प्रकारचे जीवाश्म मुलांना हातात धरून समजतात.

आमची दगडपेटी

आता वर्गात खोक्यांची एक दगडपेटी आहे. नियम चारच :

1. प्रत्येक दगडासोबत चिठ्ठी : कुठे, कधी, कोणाला सापडला.
2. 'काय आहे' हे पेन्सिलनेच लिहायचं. पुढे खोडता आलं पाहिजे.
3. लोणारसारख्या संरक्षित ठिकाणाहून खडाही उचलायचा नाही.
4. खोल खड्ड्यात, विहिरीच्या काठावर, नदीच्या दरडीखाली एकट्याने जायचं नाही.

खरोखर हाडासारखं काही दिसलं, तर खोदू नका. जागेचा फोटो काढा, शेजारी मापाला पट्टी ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. जागेवरून हलवलेल्या जीवाश्माची निम्मी गोष्ट हरवते, कारण तो कोणत्या थरात होता हेच त्याचं वय सांगतं.

पालकांना एकच विनंती. खिशातून दगड निघाले म्हणून रागावू नका. आधी "कुठे सापडला?" एवढं विचारा. टायरॅनोसॉरससारखी अवघड नावं न अडखळता म्हणणाऱ्या मुलाला वाचता येत नाही, असं मी तरी मानत नाही. त्याला त्याच्या आवडीचं वाचायला मिळालेलं नसतं. जमलं तर नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात नेऊन प्रागैतिहासिक प्राण्यांच्या प्रतिकृती दाखवा.

तो गोल दगड आमच्या पेटीत पहिल्या नंबरवर आहे. चिठ्ठीवर त्या मुलाने स्वतः लिहिलंय : "बसाल्ट. आमच्या विहिरीतून. आधी अंडं वाटलं होतं. मॅडमलापण."

तुमच्या वर्गातही अशी पेटी सुरू करून पाहा.