स्पेनचे घाट, स्पेनचं ऊन आणि दोन चाकं

स्पेन म्हटलं की समुद्रकिनारे आठवतात. प्रत्यक्षात हा देश डोंगरांनी गच्च भरलेला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची सरासरी उंची सुमारे ६५० मीटर, आणि राजधानी माद्रिदही साधारण तेवढ्याच उंचीवर वसलेली. दक्षिणेला आणि बेटांवर ऊन तर हात सैल सोडून दिलेलं. रोडबाइक घेऊन सुट्टीवर जायचं असेल, तर युरोपात याहून चांगला देश मला तरी दिसत नाही. पथ्य एकच: आधी महिना ठरवायचा, मग डोंगर.

कॅलेंडर उघडा

भूमध्य समुद्रातलं मायोर्का बेट मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सायकलींनी फुलून जातं. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं तेनेरिफे बारमाही. जानेवारीतही किनाऱ्यावर दुपारी वीस अंशांच्या आसपास. उत्तरेचं अस्तुरियास हिरवंगार आणि पावसाळी, तिथे उन्हाळ्यातच जावं. आणि आंदालुसिया? वसंतात स्वर्ग, जुलै-ऑगस्टमध्ये भट्टी. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्दोबा प्रांतात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता.

स्पेनची राष्ट्रीय शर्यत ‘वुएल्ता’ १९९४ पर्यंत एप्रिल-मेमध्ये व्हायची. १९९५ पासून ती उन्हाळ्याच्या अखेरीस गेली. व्यावसायिक शर्यतपटू ते ऊन सोसतात, पण सुट्टीवर आलेल्या माणसाने त्यांचं वेळापत्रक उचलू नये.

आधी उतरा, मग चढा

मायोर्कातला सा कालोब्रा हा जगातल्या सर्वांत देखण्या घाटांपैकी एक. लांबी साडेनऊ किलोमीटर, सरासरी चढ सात टक्के, सव्वीसच्या आसपास तीव्र वळणं. १९३२ मध्ये आंतोनिओ पारिएत्ती या अभियंत्याने तो आखला. कुठे मोठं शहर जोडायचं म्हणून नव्हे, तर पर्यटकांना डोंगरावरून समुद्रापर्यंत नेण्यासाठी! बोगदे खोदण्याऐवजी त्याने रस्ताच वळवत नेला. एका जागी तर हा रस्ता पूर्ण फेरा घेऊन स्वतःच्याच खालून निघतो. बेटाच्या उत्तर टोकाला फोर्मेन्तोरच्या भूशिराकडे जाणारा रस्ताही पारिएत्तीचाच.

गंमत अशी की सा कालोब्राचा रस्ता समुद्राशी संपतो. परतायला दुसरा रस्ता नाही. एक तर बोट, नाही तर आलात तोच घाट. त्यामुळे इथे आधी उतार मिळतो आणि चढ नंतर. उतरताना पाय थंड पडतात, म्हणून खाली पोचल्यावर दहा मिनिटं सपाटीवर हलके पेडल मारून घ्यावेत. आणि निघावं भल्या सकाळी, कारण थोडा उशीर झाला की पर्यटकांच्या बसेस त्याच अरुंद वळणांवर समोरून येतात.

पुण्याच्या सायकलस्वारांना यासाठी वेगळ्या तयारीची गरज नाही. सिंहगडाचा घाट लांबीला आणि चढाला याच्या जवळपास जातो. सलग दोनदा सिंहगड चढता येत असेल, तर खुशाल तिकीट काढा.

कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर डांबर

ग्रानादा शहराच्या मागे सिएरा नेवादा पर्वत आहे. त्यातल्या वेलेता शिखराची उंची ३,३९६ मीटर, आणि डांबरी रस्ता जवळजवळ माथ्यापर्यंत पोचतो. युरोपातला हा सर्वांत उंच डांबरी रस्ता. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे हा त्याच्या दुपटीहून उंच! सुमारे २,५०० मीटरच्या वर खासगी मोटारींना बंदी आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा तुमचा, पायी चालणाऱ्यांचा आणि डोंगरी शेळ्यांचा. वर डांबर ठिकठिकाणी उखडलेलं आहे, तेव्हा टायर फार बारीक नकोत.

आणि इथेच महिन्याचा पेच पडतो. ग्रानादा फिरायला वसंत उत्तम, पण वरचा रस्ता उन्हाळा लागेपर्यंत बर्फाखाली असतो. म्हणजे वेलेता करायचाच असेल तर भर उन्हाळ्यात, पहाटे शहर सोडून. खाली घामाच्या धारा आणि वर बोचरा वारा. ऑगस्टमध्येही विंडचीटर खिशात हवाच.

तेनेरिफेवरचा तेइदे हा स्पेनचा सर्वोच्च माथा, ३,७१५ मीटर उंचीचा ज्वालामुखी. तिथला रस्ता सुमारे २,३०० मीटरपर्यंत जातो आणि सुरुवात अक्षरशः समुद्रापासून होते. उत्तरेकडून चढलात तर वाटेत ढगांत शिरता, भिजता, आणि मग एकदम ढगांच्या वर, लख्ख उन्हात बाहेर येता. मोठमोठे शर्यतपटू विरळ हवेतल्या सरावासाठी इथल्या राष्ट्रीय उद्यानातल्या हॉटेलात मुक्काम ठोकतात.

आंग्लिरूबद्दल थोडक्यात: अस्तुरियासमधला साडेबारा किलोमीटरचा घाट, १९९९ मध्ये वुएल्तात प्रथम आला. पहिला निम्मा भाग सोसवतो. पुढे एका जागी चढ २३ टक्क्यांच्याही वर जातो. भाड्याची सायकल घेताना मागचं मोठं चक्र किमान ३४ दात्यांचं मागून घ्या.

घाटमाथ्यावरचं आइस्क्रीम

तोलेदोच्या फेदेरिको बाआमोन्तेसला सगळे ‘तोलेदोचा गरुड’ म्हणत. १९५९ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ जिंकणारा तो पहिला स्पॅनिश खेळाडू, आणि त्याच शर्यतीत घाटांचा राजा हा किताब त्याने सहा वेळा मिळवला. १९५४ च्या शर्यतीत हा गडी सगळ्यांच्या आधी एका घाटमाथ्यावर पोचला आणि चक्क आइस्क्रीम खात थांबला! पुढे त्याने सांगितलं की चाकाच्या तारा तुटल्या होत्या आणि दुरुस्तीची गाडी मागे होती. चढ म्हणजे त्याचा जीव की प्राण, उतार मात्र त्याला कधीच फारसे रुचले नाहीत. २०२३ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी तो गेला.

आणखी एक नवल: ओर्बेआ आणि बीएच या स्पेनच्या दोन नामांकित सायकल कंपन्या मूळच्या बास्क प्रांतातल्या एइबार गावच्या, आणि दोन्हींची सुरुवात बंदुका बनवण्यापासून झाली. पोलादाची नळी घडवणारे हात मग सायकलच्या सांगाड्याकडे वळले.

रस्त्यावरचा मान

सायकलला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर सोडायचं, हा तिथला कायदा आहे. एका दिशेला दोन मार्गिका असतील तर मोटारीने पूर्ण मार्गिका बदलायची. रस्ता मोकळा असेल तर सायकलला सुरक्षित जागा देण्यासाठी चालक मधली अखंड रेघही ओलांडू शकतो. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे. शहराबाहेर हेल्मेट सक्तीचं. मागे येणारी मोटार वळणावर गुपचूप थांबून राहते, हे पाहून मला त्या देशाबद्दल फार आदर वाटतो.

वाहतूक उजवीकडून चालते. आणि ब्रेकही तपासा! आपल्याकडे बहुधा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तिथल्या सायकलींना तो डाव्या हाताला सापडतो. घाट उतरायला लागण्याआधी दुकानाच्या दारातच दाबून बघावा. आपले पेडल आणि सीट सोबत नेलं, तर परकी सायकल पटकन अंगवळणी पडते.

पोटपूजा

१९४० मध्ये स्पेनने घड्याळ एक तास पुढे नेलं आणि ते तसंच राहिलं. म्हणून जूनमध्ये पश्चिमेकडच्या गालिसियात रात्री दहालाही उजेड असतो. जेवण दुपारी दोननंतर, रात्रीचं नऊनंतर, आणि दुपारी खेड्यातली दुकानं बंद. तेव्हा पाणी आणि केळी एकच्या आत घ्या. गावातल्या कारंज्यावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल, तर ते पाणी प्यायचं नाही.

शाकाहारींनी नीट ऐका. ‘मिश्र सॅलड’ मागवलं की त्यावर ट्यूना मासा असतोच, असं धरून चाला. मायोर्काचं प्रसिद्ध गोल, गोड एन्साइमादा डुकराच्या चरबीत बनतं. गास्पाचो हे थंड टोमॅटो सूप उन्हातून आल्यावर अमृत लागतं, फक्त वर हॅमचे तुकडे नकोत असं आधी सांगावं. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, जवळपास प्रत्येक बारमध्ये मिळतं.

कागदपत्रं आणि एक आरामाचा दिवस

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. त्यात सायकलिंग धरलेलं आहे ना, हे पॉलिसीत वाचून घ्या.

सगळे दिवस घाटांना देऊ नका. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे तिथे ‘व्हिआ व्हेर्दे’ नावाचे सायकलमार्ग केले आहेत, देशभरात ३,००० किलोमीटरहून जास्त. आंदालुसियातला ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो हा ३६ किलोमीटरचा टप्पा घ्या. चढ अगदी सौम्य, तीस बोगदे, वाटेत गिधाडांची वस्ती असलेला प्रचंड कडा. पृष्ठभाग डांबरी नाही, म्हणून त्या दिवसापुरती रुंद टायरची सायकल भाड्याने घ्या. पुढे चांगला दिवा लावा, एक बोगदा जवळपास किलोमीटरभर लांब आहे.