पंपवाल्यांची गट्टी

डोंबिवलीहून महापेच्या ऑफिसला जाणाऱ्यांना शीळफाट्याचं ट्रॅफिक काही नवीन नाही. त्या गर्दीत पेट्रोलचा काटा खाली यायला लागला की आपण दिसेल त्या पंपावर गाडी वळवतो. कंपनी कुठली, हे कोण बघतंय? सरकारी कंपन्यांचे दर जवळपास सारखेच!

मला प्रश्न पडला तो यावरूनच. एकच माल विकणारे हे पंपवाले खरं तर एकमेकांचे पक्के स्पर्धक. मग महाराष्ट्रभरच्या पेट्रोल डीलर्सचा ‘फामपेडा’ हा एकच महासंघ कसा?

जरा मागे जाऊया. एकेकाळी पंपांवर एस्सो, बर्मा शेल, कॅल्टेक्स अशा परदेशी पाट्या असत. १९७४ ते १९७८ या काळात या कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या. त्यांतून हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. इंडियन ऑइल तर आधीपासून सरकारीच. म्हणजे पाट्या तीन, पण मालक एकच! दर वरून ठरणार, कमिशनही वरूनच. एकट्या पंपवाल्याने घासाघीस करायची तरी कुणाशी? संघटनेची गरज इथेच आहे.

त्यात धंद्याची गंमत अशी, की डीलर आधी पैसे मोजून माल घेतो. २१ मे २०२२ च्या संध्याकाळी केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी कमी केलं. आपण खूश! पण समजा, एखाद्याच्या टाकीत जुन्या दराचं १२ हजार लिटर पेट्रोल असेल, तर त्याचे एका रात्रीत ९६ हजार रुपये गेले. दर वाढले की फायदाही होतो, हे खरं. पण २०१७ पासून दर रोज बदलायला लागले तेव्हापासून वाढ बहुतेकदा पैशा-पैशांनी आली आणि शुल्ककपात मात्र धाडकन.

दहाच दिवसांनी, ३१ मे २०२२ ला महाराष्ट्रासह २४ राज्यांतल्या डीलर्सनी एक दिवस कंपन्यांकडून माल उचलला नाही. मुख्य तक्रार काय, तर २०१७ नंतर कमिशन वाढलेलंच नाही. कामगारांचे पगार, विजेचं बिल, सगळं त्यातूनच भागवायचं. सात वर्षं तुमचं इन्क्रिमेंट थांबलं तर?

ते कमिशन अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढलं. एकेकट्याने मागून ते मिळालं असतं, असं मला तरी वाटत नाही.